गाण्यासाठी माइक कॉम्प्युटरला जोडताय? आधी गुलाबी जॅकचा नाद सोडा

घरच्या घरी गाणं रेकॉर्ड करायचं म्हटलं की सल्ला ठरलेला असतो, माइकच्या जाड पिनची बारीक पिन करणारा कन्व्हर्टर घ्या, पीसीच्या मागच्या गुलाबी जॅकमध्ये, म्हणजे माइकच्या बारीक छिद्रात, माइक घाला आणि आवाज कमी वाटला तर सेटिंगमध्ये जाऊन माइकचा बूस्ट वाढवा. कृपा करून हे ऐकू नका. मीटिंगला चालतं ते, गाण्याला नाही. मी इथे धरून चालतेय की तुमच्याकडे शूर कंपनीचा एसएम ५८ किंवा त्याच जातीचा डायनॅमिक माइक (स्टेजवर हातात धरतात तसला, चालायला वीज न लागणारा) आहे, विंडोजचा पीसी किंवा लॅपटॉप आहे आणि भावगीत, अभंग असं काहीतरी नीट रेकॉर्ड करायचंय.

गुलाबी जॅक का नको ते सांगते. तो हेडसेटच्या माइकसाठी बनवलेला असतो, त्या माइकला चालायला थोडे व्होल्ट लागतात ते तो पुरवतो. डायनॅमिक माइकला त्या व्होल्टचा काडीचा उपयोग नाही आणि त्याचा सिग्नल मुळात फारच नाजूक, एसएम ५८ ची सेन्सिटिव्हिटी एका पास्कलला, म्हणजे चांगल्या मोठ्या आवाजालाही, १.८५ मिलिव्होल्टच आहे. लाइन लेव्हल, म्हणजे ऑडिओची यंत्रं एकमेकांना देतात तो नेहमीचा सिग्नल, साधारण ३०० मिलिव्होल्ट. म्हणजे दीडशे पटीहून जास्त वाढवायचाय आवाज, आणि ते काम मदरबोर्डवरच्या चिपला दिलंत तर आवाजाबरोबर पीसीच्या आतली सगळी किरकिरही तेवढीच वाढून येणार.

म्हणून यूएसबी ऑडिओ इंटरफेस घ्या. फोकसराइट स्कार्लेट सोलो घ्या, बेहरिंगर यूएमसी २०२ एचडी घ्या, बजेट असेल तसं. हेही साउंड कार्डच आहे, फक्त पीसीच्या बाहेर बसतं आणि त्यात माइकसाठी खरा प्रीॲम्प, म्हणजे नाजूक सिग्नल स्वच्छ वाढवणारा भाग, असतो.

केबल दोन्ही बाजूंना कॅनन पिनचीच हवी, तीन टोकांची, दुकानात एक्सएलआर म्हणून मागा. त्यातल्या १ नंबरच्या पिनला ग्राउंड, २ आणि ३ वर तोच सिग्नल पण एकमेकाच्या उलटा, इंटरफेस दोन्हीतला फरक घेतो त्यामुळे वाटेत शिरलेली घरघर आपोआप कटते. कराओके माइकबरोबर येणारी जाड पिनची केबल (पी ३८ म्हणतात ती) वापरू नका, बऱ्याच इंटरफेसवर जाड पिन लाइन किंवा गिटारच्या वाटेने जाते, माइकचा प्रीॲम्प लागतच नाही आणि मग लोक म्हणतात इंटरफेस बेकार आहे.

आणि कॅनन टू बारीक स्टिरिओ पिनची तयार केबल तर अजिबात नको. त्यातल्या काही केबलमध्ये २ नंबर डावीकडे आणि ३ नंबर उजवीकडे जोडलेला असतो. ती स्टिरिओ इनपुटमध्ये घातली तर हेडफोनवर गाणं विचित्र पसरलेलं पण ऐकू येतं, आणि तीच फाइल एकाच स्पीकरच्या फोनवर लावली की तानपुरा वाजत राहतो आणि गाणारा गायब! डावं-उजवं एकत्र आलं की दोन उलटे सिग्नल एकमेकाला खाऊन टाकतात.

जोडणी सोपी आहे. कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर टाका, इंटरफेस हबमध्ये नाही तर थेट पीसीच्या यूएसबीत लावा, विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये इनपुट म्हणून तो निवडा, प्रायव्हसीत मायक्रोफोनची परवानगी चालू आहे ना ते बघा. डायनॅमिक माइकला इंटरफेसवरचं ४८ व्होल्टचं बटण लागत नाही, ते कंडेन्सर जातीच्या, वीज लागणाऱ्या माइकसाठी.

एक मात्र विसरू नका, विंडोजमधले ऑडिओ एनहान्समेंट्स, म्हणजे आवाज आपोआप 'सुधारणाऱ्या' सोयी, बंद करा. त्यातलं नॉइज सप्रेशन (मागचा गोंगाट दाबणारं) चालू राहिलं तर लांब धरलेला सूर त्याला पंख्याच्या आवाजासारखा वाटतो आणि 'आ'कार लावलात की दोन-तीन सेकंदांत आवाज आतल्या आत बारीक होत जातो. लोक माइक बदलतात, केबल बदलतात, आणि दोष या एका टिकमार्कचा असतो.

आता गेन, म्हणजे प्रीॲम्पने माइकचा सिग्नल किती वाढवायचा ते. मी स्वतः सगळ्यात जास्त अडकले ती इथेच, आणि सगळ्यात जास्त चुकीचे सल्लेही इथेच मिळतात.

पहिली गोष्ट, "हॅलो हॅलो, माइक टेस्टिंग" म्हणून गेन लावायचा नाही. बोलताना आणि गाताना आवाजात जमीन-अस्मानाचा फरक असतो. तुमच्या गाण्यातली सगळ्यात चढी जागा घ्या, अंतऱ्यातला तार षड्ज असेल तर तोच, आणि ज्या अंतरावरून गाणार तिथूनच पूर्ण ताकदीने गा. सॉफ्टवेअरमधला मीटर तेव्हा -१२ ते -१० डीबीच्या आसपास गेला पाहिजे, बस (शून्य म्हणजे वरची हद्द, त्यापुढे आवाज कापला जातो). तो शून्याच्या जवळ न्या असं अजूनही सांगतात, ती १६ बिटच्या जमान्यातली सवय आहे. तुम्ही २४ बिटला रेकॉर्ड करा, -१२ ला भरपूर जागा असते, आवाज नंतर खुशाल वाढवता येतो. पण आवाजाची लाट एकदा वरून कापली गेली की ती मूळची परत मिळत नाही, कुठलंही प्लगइन आणा. त्या लेव्हलला मुखडा स्क्रीनवर अगदी किरकोळ दिसेल, दिसू दे. मध्येच गेनला हात लावायचा नाही.

दुसरी गोष्ट, गेन फक्त इंटरफेसच्या नॉबवर. सॉफ्टवेअरचे रेकॉर्डिंग स्लायडर पूर्ण ठेवा आणि विसरून जा. नॉब फुल आणि खाली स्लायडर कमी असं केलं की मीटर हिरवा दिसतो पण आवाज फाटलेला असतो. झूम करून बघा, लाटेचं टोक शून्याच्या बरंच आधी सपाट झालेलं दिसेल. तसं दिसलं की समजा प्रीॲम्पमध्येच फाटलंय, नॉब खाली घ्या.

तिसरी, डायनॅमिक माइकला गेन जास्तच लागतो, नॉब पाऊण फिरला तर घाबरू नका. तरी कमी पडला तर आधी माइकच्या जवळ या. अंतर निम्मं केलं की जवळपास ६ डीबी मिळतात, तेही एक कण खरखर न वाढवता. चार बोटं अंतर बरं. त्याहून जवळ गेलात तर आवाज घुमायला लागतो, आणि प-भ फुटत असतील तर माइक तोंडासमोरून थोडा तिरका करा.

सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅक मोनो, म्हणजे एकाच चॅनेलचा, घ्या, नाहीतर गाणं एकाच कानात येईल. स्पीकर बंद, बंदिस्त हेडफोन घाला, तानपुरा त्यातच, आणि स्वतःचा आवाज इंटरफेसच्या डायरेक्ट मॉनिटरवरून ऐका, सॉफ्टवेअरमधून फिरून आलेला आवाज उशिरा येतो आणि लय घसरते.

घूं असा बारीक आवाज आला तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. गेला तर रेकॉर्डिंग बॅटरीवरच करा. झालं की वेव फाइल जपून ठेवा, पाठवायला वेगळी एमपी३ काढा.