फ्री एजंटची यादी करताना या चुका टाळा

न्यूयॉर्कमध्ये ३० जूनच्या संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा आपल्याकडे १ जुलैची पहाट असते, साडेतीनची. अमेरिकेतल्या एनबीए या बास्केटबॉल लीगचा फ्री एजंटांचा, म्हणजे करार संपलेल्या खेळाडूंचा, बाजार त्या मिनिटाला उघडतो. आमच्या ग्रुपमधले काही जण पुण्या-नागपुरात अलार्म लावून उठतात, काही न्यू जर्सीत ऑफिसातून घरी निघालेले असतात. त्याआधीचा आठवडाभर प्रत्येकाची यादी फिरत असते: आपल्या संघाने कुणाकुणाला घ्यावं. दहा-बारा वर्षं या याद्या लिहितोय आणि वाचतोय. फसलेली यादी बहुतेक वेळा बाजारातल्या सर्वांत मोठ्या नावापासून सुरू झालेली असते. सुरुवात आपल्या संघापासून व्हायला हवी. आपल्याकडे कसला पैसा आहे, मैदानावर कुठली जागा रिकामी आहे आणि आपल्याच घरातलं कोण निघून जाऊ शकतं, या तीन गोष्टी कागदावर आल्याशिवाय एकही नाव लिहू नका.

पैसा किती ते बघणं, कुठला ते न बघणं

२०२५-२६ च्या हंगामाची सॅलरी कॅप, म्हणजे संघाच्या एकूण पगारांवरची मर्यादा, सुमारे १५.४६ कोटी डॉलर. संघाचे एकूण पगार त्याखाली असतील तर मधली रक्कम बाहेरच्या कुणालाही देता येते. पण अशी मोकळीक दर उन्हाळ्यात मोजक्याच संघांकडे असते. बाकीच्यांना नियमातल्या सवलतींवर भागवावं लागतं, आणि मोठ्या सवलतींच्या मागे एकेक अट येते. मिड-लेव्हल एक्सेप्शन या सवलतीचे १.४१ कोटी वापरलेत, की त्या हंगामात कॅपच्या वर आखलेल्या पहिल्या एप्रनची १९.५९ कोटींची रेषा ओलांडता येत नाही. ५६.८५ लाखांची छोटी मिड-लेव्हल वापरलीत, तर दुसऱ्या एप्रनची २०.७८ कोटींची रेषा तुमचं कुंपण होते. दुसऱ्या एप्रनच्याही वर असलेल्या संघाकडे बाहेरच्या फ्री एजंटला द्यायला किमान पगाराखेरीज काही उरत नाही. दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून ट्रेडमध्ये (खेळाडूंच्या अदलाबदलीत) एक मोठा खेळाडू आणायचीही त्याला सोय नाही.

म्हणजे अशा संघाच्या यादीत वर्षाला दोन कोटी मागणाऱ्या खेळाडूचं नाव असेल, तर सगळी बाजारात तुरी. कागदाच्या डोक्यावर आधी एवढंच लिहा: कॅपमधली जागा, मोठी मिड-लेव्हल, छोटी मिड-लेव्हल की फक्त किमान पगार. निम्मी नावं तिथेच गळतात.

आपल्याच खेळाडूचा करार न वाचणं

माझ्या मते सर्वांत महाग चूक ही आहे, आणि याद्यांमध्ये तिच्यावर कुणी बोलत नाही. आपला खेळाडू परत घेताना कॅप ओलांडता येते, कारण संघाकडे त्याचे बर्ड राइट्स असतात. मात्र पूर्ण हक्क मिळायला फ्री एजंट म्हणून संघ न बदलता तीन हंगाम व्हावे लागतात. दोनच झाले असतील तर हक्क अपुरे, म्हणजे अर्ली बर्ड, आणि त्याला रकमेची मर्यादा आहे.

आयझाया हार्टेनस्टाइनचं उदाहरण घ्या. २०२२ मध्ये न्यूयॉर्क निक्सने त्याला दोन वर्षांसाठी १.६ कोटींत घेतलं. बदली सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू) म्हणून आलेला हा माणूस दुसऱ्या वर्षी मिचेल रॉबिन्सन जखमी झाल्यावर सुरुवातीच्या पाचात खेळला आणि न्यूयॉर्कच्या प्रेक्षकांचा लाडका झाला. २०२४ च्या उन्हाळ्यात निक्सला तो हवा होता, पण अपुऱ्या हक्कांमुळे चार वर्षांचे जास्तीत जास्त ७.२५ कोटीच देता येत होते. कॅपमध्ये जागा असलेल्या ओक्लाहोमा सिटी थंडरने तीन वर्षांचे ८.७ कोटी पुढे ठेवले. तो गेला आणि जून २०२५ मध्ये थंडरच्या गळ्यात विजेतेपद पडलं तेव्हा तो त्या संघात होता.

त्याच उन्हाळ्यात सॅक्रामेंटो किंग्ससमोर हाच पेच होता. मलिक मंकही २०२२ मध्ये दोन वर्षांच्या करारावर आलेला, त्यालाही चार वर्षांच्या ७.८ कोटींवर काही देता येत नव्हतं. मंक राहिला, कारण त्याला राहायचं होतं. यादी करणाऱ्याने मंकसारखं नशीब गृहीत धरू नये. दोन वर्षांच्या करारावर एखाद्याला आणताना पुढचा प्रश्न आत्ताच विचारा: हा खरंच चांगला निघाला तर काय करणार?

डॅलसने तर वेळही हातची घालवली. जेलन ब्रन्सनला चार वर्षांसाठी पंचावन्न-छप्पन्न दशलक्षांच्या, म्हणजे ५.५ कोटींच्या आसपास मुदतवाढ देऊन बांधून ठेवता आलं असतं. ती दिली नाही. २०२२ मध्ये निक्सने १०.४ कोटी दिले, तेव्हा जास्त दिले म्हणून ओरड झाली, आणि आज तोच ब्रन्सन त्या संघाचा कणा आहे. २००४ मध्ये क्लीव्हलँडने कार्लोस बूझरच्या कराराचं स्वस्तातलं शेवटचं वर्ष स्वतःहून सोडलं. तो आपल्याशीच मोठा करार करेल असा त्यांचा समज होता. तो सहा वर्षांच्या ६.८ कोटींवर युटाला गेला आणि क्लीव्हलँडला तेवढी रक्कम देता येत नव्हती.

प्लेऑफमधल्या चार रात्रींवर भुलणं

२०१६ च्या प्लेऑफमधल्या (हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांमधल्या) ईस्टर्न फायनलचा, म्हणजे पूर्व विभागाच्या अंतिम फेरीचा, तिसरा सामना. टोरंटोच्या बिस्मॅक बियॉम्बोने क्लीव्हलँडविरुद्ध २६ रिबाउंड (हुकलेल्या फेकीनंतर पकडलेले चेंडू) घेतले. तो सामना आठवला की अजून अंगावर काटा येतो. त्यानंतर काही आठवड्यांत ऑरलँडोने त्याला चार वर्षांचे ७.२ कोटी दिले. पण त्याला एवढी मिनिटं मिळाली होती ती योनास वालांचुनास जखमी होता म्हणून. आणि ऑरलँडोकडे सेंटरला निकोला वुचेविच आधीच होता. त्याच उन्हाळ्यात त्यांनी ओलाडिपो आणि सबोनिसचे हक्क देऊन सर्ज इबाका आणला होता, शिवाय आरोन गॉर्डनही होता. उंच माणसं एकमेकांच्या पायात आली. इबाका तो हंगाम संपायच्या आतच दुसरीकडे गेला.

त्याआधी २००५ मध्ये निक्सने जेरोम जेम्सला सिअ‍ॅटलकडून केलेल्या चांगल्या प्लेऑफवर पाच वर्षांचे ३ कोटी दिले होते. ती कामगिरी न्यूयॉर्कमध्ये कधी दिसली नाही.

उपाय साधा आहे. खेळाडूची शेवटची तीन हंगामांची आकडेवारी एका ओळीत मांडा आणि प्लेऑफ खाली वेगळं लिहा. शेजारी एक प्रश्न: ही मिनिटं त्याला कुणामुळे मिळाली? आपल्याकडे तो जखमी सेंटर नसेल, तर ती मिनिटंही नाहीत.

तीन चांगले खेळाडू म्हणजे चांगला संघ असं मानणं

डेट्रॉइट, २०१३. पेंटमध्ये, म्हणजे बास्केटखालच्या रंगवलेल्या भागात, आंद्रे ड्रमंड, त्याच्या शेजारी ग्रेग मन्रो. दोघेही बास्केटजवळचे. संघाने चार वर्षांचे ५.४ कोटी देऊन जॉश स्मिथला आणलं. तो चांगला खेळाडू होता, पण स्वाभाविक पॉवर फॉरवर्ड. आत जागाच नाही म्हटल्यावर तो बाहेर ढकलला गेला आणि त्या हंगामात त्याने २६५ थ्री (लांबून तीन गुणांचे फटके) टाकले, गेले ७०. प्रतिस्पर्धी त्याला मोकळा सोडून आत गर्दी करत. पुढच्या हंगामात ५ विजय आणि २३ पराभव अशी अवस्था असताना डेट्रॉइटने त्याला करारासकट मोकळं केलं, आणि लगेचचे सात सामने जिंकले.

किंग्सचं दुःख मला जास्त लागतं. मालक विवेक रणदिवे मुंबईत जन्मलेले, २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये वरळीच्या डोममध्ये किंग्स-पेसर्सचे सामने झाले, त्यामुळे आपल्याकडे या संघाचे चाहते आहेत. २०२४ मध्ये त्यांनी डीमार डीरोझन आणला. मध्यम अंतरावरून बास्केट करण्यात हा माणूस उस्तादच. पण डीअ‍ॅरन फॉक्स आणि डोमांटास सबोनिस यांनाही खेळ चालवायला चेंडू हातात लागतो, आणि त्या व्यवहारात गेला तो हॅरिसन बार्न्स, कोपऱ्यात शांत उभा राहून थ्री टाकणारा. आधीच्या हंगामात ४६ विजय होते, ते ४० झाले. डिसेंबरमध्ये प्रशिक्षक माइक ब्राउन गेले, फेब्रुवारीत फॉक्स गेला. सगळं एका डीरोझनमुळे झालं असं कुणीच म्हणणार नाही. पण जुलैमध्येच पाच नावं लिहून प्रत्येकासमोर “चेंडू लागतो”, “बाहेरून टाकतो”, “रिम (बास्केट) सांभाळतो” अशा खुणा केल्या असत्या, तर पहिल्या रकान्यात गर्दी आणि दुसऱ्यात मोकळं दिसलं असतं.

हेच डेट्रॉइटने पुढे करून दाखवलं. २०२३-२४ मध्ये सलग २८ पराभव आणि हंगामाअखेर १४-६८. त्या उन्हाळ्यात मोठ्या नावामागे न लागता केड कनिंगहॅमभोवती बाहेरून टाकणारे अनुभवी लोक उभे केले: टोबायस हॅरिस, मलिक बीझली, ट्रेडमधून टिम हार्डवे ज्युनियर. पुढचा हंगाम ४४-३८.

सगळ्यांकडे पैसा असताना घाई करणं

नव्या टीव्ही करारामुळे २०१६ मध्ये कॅप ७ कोटींवरून एका झटक्यात ९.४१ कोटींवर गेली. जवळजवळ प्रत्येक संघाकडे जागा, चांगले खेळाडू मात्र तेवढेच. लेकर्सने टिमोफे मॉझगॉव्हला चार वर्षांचे ६.४ कोटी आणि लुओल डेंगला ७.२ कोटी दिले. निक्सने जोआकिम नोआला ७.२, मेम्फिसने चँडलर पार्सन्सला ९.४.

लेकर्सचा हिशेब जवळून बघा. मॉझगॉव्हचा करार गळ्यातून काढायला वर्षभराने त्यांना डी’अँजेलो रसेल सोबत द्यावा लागला, जो २०१९ मध्ये ब्रुकलिनकडून ऑल-स्टार झाला. बदल्यात आला ब्रुक लोपेझ आणि एक पिक, म्हणजे नवा खेळाडू निवडायची संधी, ज्यातून काइल कुझ्मा मिळाला. लोपेझ त्यांनी २०१८ मध्ये जाऊ दिला. मिलवॉकीने त्याला ३४ लाखांपेक्षा कमी पगारावर घेतलं आणि २०२१ च्या विजेतेपदात तो पेंटमधली भिंत होता. डेंग दुसऱ्या हंगामात फक्त एक सामना खेळला, आणि त्याचे पैसे लेकर्सच्या पगारपत्रकात २०२२ पर्यंत दिसत राहिले.

जागा आहे म्हणून ती याच उन्हाळ्यात भरलीच पाहिजे असं नसतं. भरायची असेल तर रक्कम वाढवा, वर्षं वाढवू नका. २०२३ मध्ये ह्यूस्टनने फ्रेड व्हॅनव्लीटला वर्षाला ४ कोटींहून जास्त दिले म्हणून लोक हसले होते. पण करार तीनच वर्षांचा, आणि तरुण संघाला खेळ चालवणारा गार्ड हवाच होता. २२ विजयांवरून ४१, पुढच्या वर्षी ५२.

गुडघ्याचा इतिहास वगळणं

पार्सन्सचा गुडघा करारावर सही होण्याआधीच दुखावलेला होता; मेम्फिससाठी तीन हंगामांत तो ९५ सामने खेळला. ग्रँट हिल ऑरलँडोत पहिल्या चार हंगामांत ४७. फिलाडेल्फियाने २०२४ मध्ये चौतिशीतल्या पॉल जॉर्जला चार वर्षांचे २१.२ कोटी दिले, पहिल्या वर्षी तो ४१ सामने खेळला. गुणांची सरासरी लिहिता तशी खेळलेल्या सामन्यांची संख्याही लिहा.

दुसऱ्याचा हक्क आणि तोंडी होकार

रिस्ट्रिक्टेड फ्री एजंट म्हणजे ज्याची ऑफर जुना संघ तेवढीच रक्कम देऊन रोखू शकतो. ब्रुकलिनने २०१६ मध्ये टायलर जॉन्सन आणि अ‍ॅलन क्रॅबला, २०१७ मध्ये ऑटो पोर्टरला मोठ्या ऑफर दिल्या. तिन्ही रोखल्या गेल्या. उत्तर येईपर्यंत तेवढे पैसे अडकतात आणि दुसऱ्या पसंतीचा खेळाडू तोवर निघून जातो. अशा नावाखाली पर्यायी नाव लिहूनच ठेवा.

तोंडी होकाराचंही तसंच. जुलैच्या पहिल्या दिवसांत बोलणी होतात, पण बहुतेक करारांवर सह्या नंतर. २०१५ मध्ये डीआंद्रे जॉर्डनने डॅलसला हो म्हटलं होतं. मग क्लिपर्सचे खेळाडू आणि प्रशिक्षक त्याच्या ह्यूस्टनच्या घरी जाऊन बसले, दाराला टेकवलेल्या खुर्चीचा फोटो ब्लेक ग्रिफिनने टाकला, आणि सह्यांची मुभा मिळताच जॉर्डन क्लिपर्सकडेच राहिला. २०१९ मध्ये स्पर्सने मार्कस मॉरिससाठी जागा करायला डाविस बर्टान्सला वॉशिंग्टनला देऊन टाकलं. मॉरिस मग निक्सकडे गेला. सही होण्याआधी घरातला माणूस बाहेर काढू नका.

चूक होऊन गेली असेल तर

तीन वाटा आहेत. ट्रेड करायचा, पण सोबत तरुण खेळाडू किंवा पिक जातो, रसेलसारखा. खेळाडूशी बोलून काही रक्कम कमी करून घ्यायची, जसं फिनिक्सने २०२५ मध्ये ब्रॅडली बीलबाबत केलं. किंवा स्ट्रेच: खेळाडूला मोकळं करून उरलेले पैसे उरलेल्या वर्षांच्या दुप्पट अधिक एक इतक्या वर्षांवर पसरायचे. दोन वर्षं उरली असतील तर पाच.

स्ट्रेचमुळे या वर्षी श्वास घेता येतो, म्हणून तो मोहाचा आहे. एप्रिल २०२५ मध्ये डेमियन लिलार्डचा अकिलीस (टाचेमागचा स्नायुबंध) तुटला. जुलैमध्ये मिलवॉकीने त्याला मोकळं करून त्याचे पैसे पाच वर्षांवर पसरले आणि त्या जागेत मायल्स टर्नरला इंडियानाहून आणलं. लोपेझच्या जागी थ्री टाकणारा आणि रिम सांभाळणारा सेंटर, म्हणजे खेळाच्या दृष्टीने निवड अचूक. पण २०२९-३० पर्यंत मिलवॉकी बक्सची कुठलीही यादी करायला बसाल, तेव्हा पहिल्याच ओळीत २.२५ कोटी डॉलर वजा करून सुरुवात करा.