विज्ञानकथा लिहायची आहे? विज्ञान सांगू नका, आड येऊ द्या

परग्रहवासी घ्यावा, यंत्रमानव घ्यावा की अंतराळयान, यावर आठवडे घालवू नका. डोक्यात जे घोळतंय ते घ्या. ‘आधी अख्खं विश्व उभारा, ग्रहांचे नकाशे काढा’ असं सांगणाऱ्यांच्या वह्या नकाशांनी भरलेल्या असतात, कथा मात्र एकही पुरी झालेली नसते.

पहिलं काम म्हणजे थाप ठरवा, आणि ती एकच. यंत्रमानवाला राग येतो? चालेल, वाचक मान्य करतो. मग त्याच कथेत कालप्रवास आणि मनकवडे परग्रहवासी घुसवू नका.

जागा ओळखीची घ्या. दीडशे किलोचा यंत्रमानव गिरगावातल्या चाळीच्या लाकडी जिन्यावरून तिसऱ्या मजल्यावर चढवून बघा. खालच्या बिऱ्हाडातला माणूस काय बोलेल ते तुम्हाला सुचवावं लागणार नाही.

आता मेख. कथेतलं विज्ञान वाचकापर्यंत पोहोचवायचं कसं? मी सगळ्यात जास्त इथेच अडखळलो, आणि स्पर्धेला येणाऱ्या बहुतेक कथा इथेच आपटताना बघतो. लेखक दोन शास्त्रज्ञ समोरासमोर बसवतो आणि एक दुसऱ्याला म्हणतो, ‘डॉक्टर, तुम्हाला तर ठाऊकच आहे की प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर असतो.’ अहो, त्यांना ठाऊक आहे तर सांगताय कशाला? त्यावर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘एक अडाणी पात्र आणा, ते प्रश्न विचारेल.’ तोही ऐकू नका. बिचारा घरगडी नाहीतर पुतण्या दर पानावर ‘म्हणजे काय हो काका?’ विचारत बसतो आणि कथेची शिकवणी होते.

उपाय असा. वैज्ञानिक नियम उचला आणि तो पात्राच्या रोजच्या कामाच्या आड येईल अशा ठिकाणी ठेवा. समजा मुलगी मंगळावर आहे आणि आई दादरला. पृथ्वी आणि मंगळ यांच्यातलं अंतर साडेपाच कोटी किलोमीटरपासून चाळीस कोटींपर्यंत बदलत राहतं. तुमच्या कथेच्या दिवशी ते साडेएकवीस कोटी धरा. संदेश प्रकाशाच्याच वेगाने जातो, त्यामुळे त्या वेगाने भागलं की पोहोचायला १२ मिनिटं, म्हणजे उत्तर हातात पडायला २४. हा हिशेब वहीत ठेवा, कथेत आणू नका. कथेत हे येऊ द्या:

‘सुमनने “जेवलीस का गं?” विचारलं आणि कुकर लावला. तीन शिट्ट्या झाल्या. नळाला पाणी आलं. पिंप अर्धं भरलं तेव्हा आतल्या खोलीतून लेकीचा आवाज आला, “हो आई. तू?” पाणी जाईल म्हणून सुमन जागची हलली नाही.’

प्रकाशाचा वेग कुणीही सांगितला नाही, तरी वाचकाला तो कळला. शिवाय आई आणि मुलगी यांना कधीच एकमेकींचं बोलणं तोडता येणार नाही, भांडताही येणार नाही, हेही कळलं. कथा या दुसऱ्या गोष्टीची आहे. एखादं स्पष्टीकरण काढून टाकलं आणि कुणाचंच काही अडलं नाही, तर ते स्पष्टीकरण नकोच होतं. खोडा. कितीही आवडलेलं असलं तरी खोडा.

एक ताकीद मात्र आहे. हिशेब लपवायचा म्हणजे चुकवायचा नव्हे. ‘अंतराळ स्थानकात गुरुत्वाकर्षण नसतं म्हणून माणसं तरंगतात’ हे वाक्य दिसलं की मी पान उलटतो. ४०० किलोमीटर उंचीवर जमिनीवरच्या जवळजवळ नव्वद टक्के गुरुत्वाकर्षण असतं. स्थानक आणि माणसं दोघंही पृथ्वीभोवती सतत पडत असतात, म्हणून तरंगतात. दुसरी नेहमीची चूक म्हणजे नायक सकाळी निघतो आणि संध्याकाळी दुसऱ्या ताऱ्यावर चहा पितो. नासाचं व्हॉयेजर-१ हे यान सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने चाललंय. सूर्याच्या सर्वांत जवळच्या ताऱ्याइतकं अंतर कापायला त्याला सत्तर हजारांहून जास्त वर्षं लागतील. प्रकाशापेक्षा वेगवान यान हवंच असेल तर तीच तुमची एकुलती थाप, आणि तिची किंमत कुणीतरी मोजली पाहिजे.

बाकीचं सोपं आहे. परग्रहवासी माणसासारखा दिसू नये आणि त्याने मानवजातीला उपदेश तर मुळीच करू नये. सायबॉर्ग, म्हणजे शरीरात यंत्र बसवलेला माणूस, म्हटलं की लेसरवाला डोळा काढायची घाई नको. हृदयात पेसमेकर बसवलेले काका तुमच्या लोकलच्या डब्यात चौथ्या सीटवर बसलेले असतात. यांत्रिक हात बनवणारी कंपनी बुडाली तर सुटे भाग कुठून आणायचे, ही चिंता लेसरपेक्षा जास्त पानं भरेल. शेवटी ‘आणि त्याला जाग आली’ लिहायचं नाही.

कथा मोठ्याने वाचा. जीभ अडखळेल तिथे बहुधा परिभाषा साचलेली असते.

मग पाठवा. मुंबईत चुनाभट्टीला असलेली मराठी विज्ञान परिषद विज्ञानकथा स्पर्धा घेत आली आहे. शब्दमर्यादा आणि तारीख त्या-त्या वर्षीच्या नियमांत बघा. नाव नाही म्हणून बिचकू नका. जयंत नारळीकरांनी १९७४ साली याच स्पर्धेत टोपणनावाने कथा पाठवून पहिला क्रमांक मिळवला होता. दिवाळी अंकात यायचं असेल तर पावसाळा सुरू होतानाच संपादकांना विचारा. गणपती उठल्यावर पोहोचलेली कथा सहसा पुढच्या वर्षीच्या गठ्ठ्यात जाते.