पद्मिनी-ॲम्बॅसॅडरला बूस्टर ब्रेक: आधी व्हॅक्यूम मोजा, मग सामान आणा

इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंच आहे, आणि जुन्या गाडीला पॉवर ब्रेक लावायला घेतले की ही उंची पहिल्यांदा आडवी येते. बाहेरच्या हवेचा दाब आणि इंजिनाने ओढलेली पोकळी यांच्यात जो फरक पडतो, त्यावर बूस्टर, म्हणजे पायाचा जोर वाढवणारा व्हॅक्यूमचा डबा, चालतो. दर ३०० मीटर चढलं की हा फरक पाऱ्याच्या सुमारे १ इंचाने घटतो. मुंबईत आयडलला १९ इंच दाखवणारं इंजिन राजवाड्यासमोर १७ च्या आसपास येतं. इंजिन थकलेलं असेल, व्हॉल्व्ह नीट बसत नसतील, तर १३-१४ सुद्धा दिसतं. मग कितीही महागडा बूस्टर लावा, पेडल लाकडासारखंच राहणार.

म्हणून खरेदीआधी व्हॅक्यूम गेज आणा. इंजिन पूर्ण गरम करा, आयडल जागेवर आणा, कार्बोरेटरच्या थ्रॉटलच्या खालच्या बाजूला गेज लावा आणि काटा पाहा. इथे १६ इंच किंवा जास्त आणि काटा स्थिर असेल तर पुढे चला. काटा ठरावीक तालात झटके देत असेल तर एखादा व्हॉल्व्ह गळतोय; तो खर्च आधी. डिझेल ॲम्बॅसॅडरला हे मोजमाप लागूच नाही, कारण त्या इंजिनाच्या इनटेकमध्ये कामापुरती पोकळी तयारच होत नाही. तिथे व्हॅक्यूम पंप लागतो, आणि पंप जोडलेला आल्टरनेटर हा त्यातला सरळ मार्ग.

आकड्यात सांगायचं तर ७ इंची बूस्टरच्या डायफ्रामवर (आतल्या रबरी पडद्यावर) १७ इंच व्हॅक्यूमला कागदावर सुमारे १४५ किलो जोर येतो, ८ इंचीवर १९० किलो. १३ इंच व्हॅक्यूमला तोच ७ इंची ११० वर उतरतो. स्प्रिंगचा विरोध वजा जाता हातात याहून कमीच पडतं. इंजिनाखोलीत जागा असेल तर इंदुरात ८ इंची घ्यावा असं आमचं मत आहे.

बूस्टर पायाचे श्रम कमी करतो, बस. ड्रम अंडाकृती झालेले, लायनरला ग्रीस लागलेलं, रबरी होज तीस वर्षांचे असतील तर बूस्टर फक्त तेवढाच खराब ब्रेक हलक्या पायाने देईल. उलट फुगणारा जुना होज वाढलेल्या दाबाखाली फुटायची शक्यता जास्त. व्हील सिलिंडरचे रबर, सगळे रबरी होज, लायनर आणि ड्रमचं टर्निंग आधी उरकून घ्या. हँडब्रेकच्या केबलही सुट्या फिरतात ना, ते बघा. पुढे ब्रेक अडकला की तुम्ही बूस्टरला शिव्या द्याल आणि दोष केबलचा निघेल.

कोणता बूस्टर

बॉनेट उघडा आणि मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडलने दाबला जाऊन ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा सिलिंडर, कुठे आहे ते पाहा. पेडल वरून लटकतं आणि सिलिंडर फायरवॉलवर (इंजिनाखोली आणि केबिनमधल्या पत्र्यावर) असेल तर बूस्टर सरळ मध्ये बसतो. सिलिंडर पायाखाली, फ्लोअरच्या खाली असेल तर तिथे डबा मावत नाही. मग पाइपलाइनमध्ये बसणारा रिमोट सर्व्हो लावतात. तो बाहेर जाणाऱ्या पाइपचं तोंड वर ठेवून तिरका बसवतात, नाहीतर आतली हवा निघता निघत नाही. रिमोट सर्व्होचा एक तोटा ध्यानात ठेवा: जुन्या गाडीची ब्रेक लाइन एकच राहते. एक होज फुटला की चारही चाकं गेली. त्याचं सील गेलं तर ब्रेक ऑइल थेट इंजिनात ओढलं जातं. सायलेन्सरमधून पांढरा धूर आणि ब्रेक ऑइलच्या डबीतलं ऑइल कमी होत जाणं, ही जोडी दिसली की सर्व्हो उघडा.

फायरवॉलवाल्यांना टँडम, म्हणजे दोन पिस्टनचा, मास्टर सिलिंडरही लावता येतो, आणि आमच्या मते या सगळ्या खटाटोपातली खरी कमाई तीच आहे. पुढची चाकं एका सर्किटवर, मागची दुसऱ्यावर. इथे एक घोळ होतो. फ्रंट-व्हील ड्राइव्ह छोट्या गाड्यांचे बरेच मास्टर कर्ण पद्धतीसाठी, म्हणजे पुढचं डावं आणि मागचं उजवं अशा जोडीसाठी केलेले असतात. चार तोंडांचा मास्टर असेल तर आतून कुठली दोन तोंडं एका पिस्टनची आहेत हे आधी ओळखा. फुंकून बघण्यापेक्षा उघडून बघणं बरं.

बोअरचा हिशेब चुकवू नका. जुना ३/४ इंची मास्टर काढून ७/८ इंची बसवला तर पेडल कमी जातं, पण तेवढ्याच पायात लाइनमधला दाब पाव भागाहून जास्त घटतो. बूस्टरने दिलेलं बोअर खाऊन टाकतं. दुसऱ्या बाजूने, पुढच्या प्रत्येक ड्रममध्ये दोन-दोन व्हील सिलिंडर असतील तर ऑइल जास्त लागतं, आणि फार बारीक बोअरचं पेडल तळाला टेकतं. सिलिंडरवरचा आकडा वाचा, तो जुन्याशी जुळणारा किंवा एक पायरी मोठा ठेवा.

कबाडातला बूस्टर घ्यायचा असेल तर मास्टर सोडवून मधल्या तोंडात बोट घाला. ओलं लागलं तर आधीच्या मास्टरचं मागचं सील गळत होतं आणि आतला डायफ्राम सडायला लागलेला आहे, सोडून द्या. कोरडा असेल तर रॉड पूर्ण दाबा, व्हॅक्यूमच्या नळीवर अंगठा घट्ट धरा आणि रॉड सोडा. अंगठा ओढला गेला पाहिजे आणि ओढलेला राहिला पाहिजे.

बसवणं

फायरवॉलचा पत्रा पातळ असतो. नुसत्या त्याच्यावर बूस्टर कसला तर जोरात ब्रेक मारताना पत्राच आत-बाहेर होतो आणि पेडल स्पंजसारखं लागतं. लोक मग आठ-आठ दिवस हवा काढत बसतात. लोहामंडीतून ३ मिमी जाडीची पट्टी आणून पत्र्याच्या दोन्ही बाजूंना सँडविच करा. ब्रॅकेट ५ ते ६ मिमी प्लेटचा, बोल्ट एम ८, ८.८ ग्रेडचे, नायलॉक नट. जिथे शक्य असेल तिथे जुन्याच भोकांवर ब्रॅकेट बसवा, गॅसने फायरवॉल कापू नका. कारण कायद्याचंही आहे: २०२१ च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांहून जुनी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, पण चेसिस, बॉडी किंवा इंजिनात बदल झालेला नको. जुना मास्टर, पाइप, क्लेव्हिस पिन, सगळं एका डब्यात तेल लावून ठेवा.

बूस्टर एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून दूर, स्टिअरिंग कॉलम आणि क्लचच्या लिंकेजला न लागणारा, आणि मास्टर शक्यतो आडव्या पातळीत. मास्टरचं पुढचं टोक वर गेलं तर तिथे हवेचा फुगा बसून राहतो.

पेडलचं गुणोत्तर मोजा. पिव्हॉटपासून पॅडच्या मध्यापर्यंतचं अंतर भागिले पिव्हॉटपासून रॉडच्या भोकापर्यंतचं अंतर. २४० ला ४० ने भागलं की ६. पुस्तकी नियम सांगतो की बूस्टरला ४ च्या आसपास पुरे, म्हणजे भोक ६० मिमीवर न्या. आम्ही ५ वर थांबतो, म्हणजे ४८ मिमी. घाटात इंजिन बंद पडलं आणि साठवलेला व्हॅक्यूम संपला, तर ४ गुणोत्तराचं पेडल मजबूत पायालाही भारी पडतं. नवं भोक कडेला फार जवळ नको, आणि पेडल वेल्ड करून लांबवू तर अजिबात नको. रॉड सरळ रेषेत ढकलला गेला पाहिजे; वाकडा लागला की बूस्टरचं मागचं सील महिन्याभरात जातं.

अर्धा मिलिमीटर

या कामातली सगळ्यात जास्त वाट लागते ती बूस्टरचा पुढचा रॉड आणि मास्टरचा पिस्टन यांच्यामधल्या फटीने. ही फट ०.५ ते १ मिमी असावी. रॉड लांब राहिला तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही, डबीकडे जाणारं बारीक भोक झाकलेलं राहतं, आणि गरम होऊन फुगलेल्या ऑइलला परत जायला वाट मिळत नाही. गाडी गॅरेजातून छान निघते, पाच-सात किलोमीटरवर ब्रेक आपोआप आवळायला लागतात, शेवटी चाकं जाम. रॉड आखूड असेल तर पेडल नुसतंच खाली जातं.

मोजायचं असं: मास्टरच्या बसायच्या तोंडापासून पिस्टनच्या खळग्याच्या तळापर्यंत डेप्थ गेजने खोली घ्या, त्यात गॅस्केटची जाडी मिळवा. मग बूस्टरच्या तोंडापासून रॉडचं टोक किती बाहेर आहे ते घ्या. दोन्हींमधला फरक म्हणजे फट. खात्रीसाठी रॉडच्या टोकाला मुलांची माती, प्लॅस्टिसिन, चिकटवून मास्टर कसा आणि उघडून मातीची जाडी बघा. व्हॅक्यूम असताना रॉडची जागा किंचित बदलते, म्हणून इंजिन चालू ठेवूनही एकदा मोजा. रॉडचं टोक ॲडजस्टेबल नसेल तर लेथवाल्याकडून टोपी करून घ्या. घासून आखूड करताना दर वेळी पाव मिमीच.

ब्रेक जाम झालाच तर दोष शोधायचा क्रम ठरलेला आहे. मास्टरचे बूस्टरवरचे दोन नट ढिले करून मास्टर थोडा पुढे सरकवा. चाकं सुटली तर रॉड लांब आहे. नाही सुटली तर मास्टरजवळचा पाइप ढिला करा. आता सुटली तर दोष मास्टरच्या आत. तरीही नाही, तर त्या चाकाचा निपल (हवा काढायचा स्क्रू) उघडा. सुटलं तर रबरी होज आतून चिकटलाय. एवढ्यावरही चाक फिरत नसेल तर शू, स्प्रिंग किंवा हँडब्रेक.

व्हॅक्यूमची नळी

नळी सगळ्या सिलिंडरांना सामाईक असलेल्या जागेवरून घ्या, एकाच सिलिंडरच्या पोर्टवरून नको. मॅनिफोल्डवर जागा नसेल तर कार्बोरेटरखाली १० ते १२ मिमी जाडीचा ॲल्युमिनियमचा स्पेसर करून त्यात निपल बसवा. मग लांब स्टड आणि बॉनेटला एअर क्लीनर लागतो का, हे बघणं ओघानं आलं. नळी १० ते १२ मिमी आतल्या व्यासाची, धाग्याची, व्हॅक्यूमसाठी केलेलीच घ्या. साधी पाण्याची नळी गरम होऊन आतून चपटी होते. ती इंजिनापासून बूस्टरकडे चढती ठेवा, म्हणजे पेट्रोलची वाफ थंड होऊन बूस्टरमध्ये उतरत नाही. चेक व्हॉल्व्ह (एकाच दिशेने हवा जाऊ देणारा) उलटा बसवणं ही नेहमीची चूक आहे. तोंडाने तपासा: बूस्टरकडून इंजिनाकडे हवा गेली पाहिजे, उलट नाही.

पाइप

पाइप ३/१६ इंची स्टीलचा बंडी, किंवा तांबे-निकेल मिश्रणाचा. निव्वळ तांब्याचा नको. थरथरीने तो कडक होऊन तडकतो. फ्लेअर (पाइपचं पसरवलेलं टोक) करण्याआधी नट पाइपवर चढवा, हे लिहायची गरज नसावी, पण लिहिलेलं बरं. खरा धोका आट्यांचा आहे. ब्रिटिश घराण्याच्या ॲम्बॅसॅडरवर ३/८ इंच २४ आट्यांचा नट सापडतो, नव्या मास्टरवर एम १० बाय १ ची भोकं असतात. इंची नट मिलिमीटरच्या भोकात आरामात जातो, कसल्यासारखा वाटतोही, आणि पहिल्याच जोरदार ब्रेकला आटे सोडतो. फ्लेअरही दोन जातीचे: उलटा दुहेरी आणि फुग्याचा. भोकाच्या तळाचा आकार बघून तसाच करा.

सगळीकडे ड्रम असतील तर लाइनमध्ये १० पीएसआयचा रेसिड्युअल व्हॉल्व्ह (पेडल सोडल्यावरही लाइनमध्ये थोडा दाब टिकवणारा) हवा. जुन्या मास्टरमध्ये तो बहुधा आतच असतो. डिस्कवाल्या गाडीच्या मास्टरमध्ये ड्रमसाठीचा असेलच असं नाही. तो नसेल तर पेडल पहिल्या दाबाला खाली आणि दुसऱ्याला वर येतं. तो पुढच्या डिस्कच्या लाइनवर मात्र लावायचा नाही, पॅड घासत राहतील. जुना ब्रेक लाइटचा स्विच दाबावर चालणारा असतो. पाइप बदलताना त्याचा टी-जॉइंट हरवतो आणि मागचे दिवे बंद पडतात.

हवा काढणं आणि तपासणं

टँडम मास्टर गाडीवर चढवण्याआधी वाइसमध्ये धरा, दोन्ही तोंडांतून नळ्या परत डबीत सोडा आणि बुडबुडे संपेपर्यंत हळूहळू दाबा. मग गाडीवर इंजिन बंद ठेवून मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं असा क्रम. १ लिटर डॉट ४ ब्रेक ऑइल पुरतं. सीलबंद डबाच घ्या: कोरडं डॉट ४ कमीत कमी २३० अंशांना उकळतं, पण पावसाळाभर उघड्या डब्यात ओलावा ओढून घेतलेलं १५५ पर्यंत घसरू शकतं. इंजिन ऑइलचं भांडं वापरू नका. थेंबभर ऑइलनेही रबर फुगतं. रंगावर सांडलं तर लगेच पाणी टाका.

इंजिन बंद असताना पेडल पाच-सहा वेळा दाबून व्हॅक्यूम रिकामा करा, पाय दाबून धरा आणि इंजिन चालू करा. पेडल किंचित खाली बसलं पाहिजे. मग पाय दाबलेला ठेवून इंजिन बंद करा. ३० सेकंद पेडल जागचं हलता कामा नये. पाय सोडून थोडं थांबा, त्यानंतर निदान दोन दाब हलके मिळायला हवेत. ब्रेक दाबला की आयडल बदलून फुसफुस ऐकू येत असेल तर डायफ्राम किंवा मागचं सील फाटलेलं. शेवटी कार्बोरेटरचं मिक्श्चर पुन्हा बसवा, कारण नव्या जोडांतून जराही हवा आत गेली तर आयडल झुलायला लागतो.

रस्त्यावरची चाचणी पहाटे सुपर कॉरिडॉरवर, आधी २० च्या वेगाने, मग ४०, मग ६०. मागची चाकं आधी घसरली तर मागच्या लाइनवर प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह लावून दाब कमी करा. गाडी एका बाजूला ओढत असेल तर ते ड्रमचं काम, बूस्टरचं नव्हे. हे जमल्यावरच खंडवा रोडवरच्या भेरूघाटात जा, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरा, खाली पोहोचल्यावर प्रत्येक ड्रमजवळ हात न लावता तळवा धरा. चारांपैकी एक जास्त तापलेला असेल तर तिथूनच वर दिलेल्या क्रमाने सुरुवात करा. ५०० किलोमीटरनंतर ब्रॅकेटचे बोल्ट, पाइपचे सगळे जोड आणि ती अर्ध्या मिलिमीटरची फट परत बघा.