नायजेरियातल्या एलजीएचं प्रोफाइल लिहायचंय? आधी नदी बघा

एलजीए म्हणजे लोकल गव्हर्नमेंट एरिया. समजायला तालुका म्हणा, फक्त वरती जिल्हा नाही, थेट राज्यच. असे 774 आहेत आणि त्यांची नावंसुद्धा राज्यघटनेतच दिलीयेत. बरेच जण लोकसंख्येपासून सुरुवात करतात आणि तिथंच फसतात, कारण शेवटची जनगणना 2006 ची, पुढचे सगळे आकडे अंदाजपंचे. आकडा द्या, शेजारी वर्ष टाका आणि पुढं सरका.

उदाहरणाला केब्बी राज्यातलं अरगुंगू घेऊ. देशाचा वायव्य कोपरा, हौसा बोलणारा मुलूख, 1991 ला सोकोतोतून वेगळं निघालेलं राज्य.

नकाशावर सोकोतो नदी शोधा आणि दोन शब्द पाठ करा, फदामा आणि तुदू. फदामा म्हणजे नदीकाठची सखल जमीन, पावसाळ्यात पाण्याखाली जाणारी, आपली गाळपेर डोळ्यासमोर आणा. तुदू म्हणजे वरचा माळ. माळावर पावसाच्या भरवशावर बाजरी, ज्वारी, चवळी (यादी वाचून सोलापूर आठवलं ना?), आणि फदामात भात, मग पाणी ओसरलं की पंप लावून कांदा वगैरे. म्हणून पिकांचा सरसकट तक्ता करू नका, कुठली जमीन कुठल्या महिन्यात काय देते तसं मांडा, म्हणजे पैसा कधी हातात येतो आणि कधी घर उधारीवर चालतं ते आपोआप दिसतं. पूर हा पण त्याच हिशोबातला, 2020 ला केब्बीतला बराचसा उभा भात पुरात गेला.

मग बाजार. धान्य मुदूनं विकतात, मुदू म्हणजे मापाचं भांडं, आपल्या पायलीच्या जातीतलं. मी पहिल्यांदा सगळे भाव एकाच हिशोबानं किलोत बदलून ठेवले आणि तक्ताच वाया गेला, कारण एक मुदू तांदूळ आणि एक मुदू बाजरी वजनाला सारखे भरत नाहीत. भाव मुदूतच लिहा. भातावर पुढं काय होतं तेही बघा, घरोघरी बायका भात उकडून विकतात, आणि 2017 पासून अरगुंगूत वाकोट कंपनीची मोठी राइस मिलही आहे.

कौन्सिलचं, म्हणजे एलजीएचा कारभार बघणाऱ्या मंडळाचं, बजेट म्हणजे तिथली इकॉनॉमी नव्हे. केंद्राच्या खात्यातून सगळ्या एलजीएंना मिळून 20.60 टक्के वाटा येतो, पण तो राज्याच्या जॉइंट अकाउंटमधून फिरून. जुलै 2024 ला सुप्रीम कोर्टानं थेट द्या म्हणून सांगितलं, त्यामुळं जुना रिपोर्ट वापरताना तारीख बघा.

आता मासेमारीचा उत्सव, ज्यासाठी अरगुंगू जगाला माहितीये. 1934 ला सुरू झाला, सोकोतोचा सुलतान भेटीला आला तेव्हा, आधीचं वैर मिटल्याची खूण म्हणून. हजारो माणसं हातजाळी आणि मोठाले पोकळ भोपळे घेऊन मातान फदा नदीत एकदम उड्या मारतात, तासाभराचा खेळ, सगळ्यात जड मासा जिंकतो. 2010 नंतर दहा वर्षं बंद होता, मार्च 2020 ला परत भरला. पण हे ‘पर्यटन’ मथळ्याखाली टाकून मोकळे होऊ नका. त्या एका दिवसासाठी नदीचा तो पट्टा एरवी बंद ठेवतात, आणि राखायची जबाबदारी सर्किन रुवाची, म्हणजे पाण्याच्या प्रमुखाची. हा भाग मासेमारीतच लिहा, आणि गावात गेलात तर कौन्सिल ऑफिसच्या आधी त्यांना भेटा.