फायनल फँटसी या व्हिडिओ गेमची मालिका कुठून सुरू करू म्हनतं, तं आयक
सोळाही भाग वळीनं खेळत नोको बसू भाऊ, दरेक नंबराची स्टोरी वेगळी हाय. पयले १९८७ चा पयला घे, मोबाईलवर त्याचा पिक्सेल रीमास्टर, म्हंजे नव्यानं सजवलेला जुनाच गेम, भेटते. त्यात तू हुकूम देईपर्यंत दुश्मन गुमान उभा रायते, मी तं जागलीवर खेळतो, मधातच रानडुकरं आले की फोन मचाणावर ठेवून हाकलून येतो, लढाई तिथंच! मंग १९९१ चा चौथा, यात टाइम बार, म्हंजे पाळीची वेळ दाखवणारी पट्टी, भरत रायते अन् दुश्मन थांबत नाई, विचार करत बसला की मार खाशीन. सातवा १९९७ चा, थ्रीडी, प्लेस्टेशन या गेमच्या मशीनच्या ३ सीड्या, एवढा लांब, म्हून संपवाची घाई नोको करू. दहाव्यात, २००१ मधी, पात्रं तोंडानं बोलतेत अन् पाळीपाळीनं लढणं वापस येते. सोळावा २०२३ चा, निरी बटनांची हाणाहाणी, मले तं नाई जमला बाप्पा.