गतिज आणि स्थितिज ऊर्जा: उतार आणि गोळीचा प्रयोग नीट कसा करावा

विज्ञान प्रदर्शनात हा प्रयोग दरवर्षी दिसतो. उतारावरून गोटी सोडायची, खाली ठेवलेला कागदी कप सरकतो, आणि तक्त्यावर लिहिलेले असते, ‘स्थितिज ऊर्जेचे गतिज ऊर्जेत रूपांतर’, म्हणजे उंचीमुळे असलेली ऊर्जा वेगाच्या ऊर्जेत बदलली. कप सरकला एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. उंची दुप्पट केल्यावर सरकण्याचे अंतरही दुप्पट झाले, हे आकड्यांत दाखवता आले तर तो प्रयोग. सहावी ते आठवीच्या मुलांना एका दुपारी हे सहज जमते.

साहित्य: विजेच्या दुकानात मिळणारी प्लॅस्टिकची केसिंग पट्टी, सव्वा मीटर, झाकण काढून. तिच्यातून जेमतेम मोकळी धावेल अशी लोखंडी बेअरिंगची गोळी. १६ मिलिमीटरची गोळी साधारण १७ ग्रॅम भरते. काचेची गोटी याच मापाची असली तरी पाच-साडेपाच ग्रॅमचीच असते, तिच्या धडकेने पायथ्याचे खोके जेमतेम हलते. कपाऐवजी सरकायला खोके: टूथपेस्टच्या खोक्याचे बंद टोक सहा सेंटिमीटरवर कापून घ्या. थोडी खेळण्यातली माती, मोजपट्टी, चिकटपट्टी. मातीऐवजी कणीक घेऊ नका. ती वाळते आणि खोक्याचे वजन तासाभरात बदलते.

पट्टीचे वरचे टोक स्टुलावर साधारण ४० सेंटिमीटर उंचीवर घट्ट चिकटवा.

आता खालचे टोक, कारण प्रयोग फसतो तो इथेच. सरळ पट्टी जमिनीला नुसती टेकवली की तिथे कोन तयार होतो. गोळी त्या कोनात आपटते, उडी मारते, कधी वाकडी जाते, आणि आपटण्यात किती ऊर्जा गेली याचा काही नेम नसतो. म्हणून पट्टी हलकेच वाकवून तिचा शेवटचा २५ सेंटिमीटर भाग जमिनीवर सपाट चिकटवा. वळण गोलसर हवे. जिथे पट्टी संपते तिथे तिच्या जाडीएवढी पायरी राहते. पट्टीच्या तोंडाशी तेवढ्याच जाडीचा पुठ्ठा ठेवा आणि खोके उघडे तोंड पट्टीकडे करून त्यावर ठेवा, ते त्या पुठ्ठ्यावरूनच सरकू द्या. कानाला विश्वासू साक्षीदार समजा: गोळी जाताना एकसारखी घरघर ऐकू आली पाहिजे. मध्येच ‘टक्’ झाले तर सांधा पुन्हा बसवा, आकडे लिहू नका.

याच कारणाने ‘उंची वाढवायला पट्टीखाली पुस्तके वाढवत जा’ हा सल्ला मला अजिबात मान्य नाही. पुस्तके वाढली की उतार बदलतो, वळण बदलते, तिथे वाया जाणारी ऊर्जाही बदलते; मग अंतर नेमके कशामुळे वाढले हे कोण सांगणार? पट्टी एकदा बसवली की हलवायची नाही. तिच्यावरच तीन खुणा करा: जमिनीपासून सरळ उभ्या रेषेत ८, १६ आणि ३२ सेंटिमीटर. उतारावरून तिरके मोजू नका. पट्टी वाकलेली असल्यामुळे तिरके अंतर दुप्पट म्हणजे उंची दुप्पट होत नाही, आणि स्थितिज ऊर्जेच्या mgh (वस्तुमान × गुरुत्व त्वरण × उंची) या सूत्रातला h म्हणजे उभी उंचीच.

दुसरी अडचण खोक्यात. गोळी मागच्या भिंतीवर आपटून उसळली की खोके एकदा जास्त सरकते, एकदा कमी. आतल्या भिंतीला मातीचा जाडसर थर लावा, म्हणजे गोळी रुतून बसेल. प्रत्येक वेळी खळगा बुजवून थर सारखा करा. या धडकेत ऊर्जेचा बराच वाटा माती दाबण्यात जातो, हे खरे. पण गोळी आणि खोके तेच असतील तर दर वेळी तोच हिस्सा जातो, म्हणून गुणोत्तर बिघडत नाही. गोळी बदललीत तर हिस्साही बदलतो. त्यामुळे वस्तुमानाचा नियम (वस्तुमान दुप्पट तर ऊर्जा दुप्पट) या मांडणीतून काढायला जाऊ नका.

गोळी बोटाने सोडू नका, नकळत धक्का बसतो. मोजपट्टी आडवी धरून गोळी अडवा आणि मोजपट्टी झटकन पुढे-वर उचला. पंखा बंद. प्रत्येक उंचीवरून पाच वेळा सोडा, दर वेळी खोके किती सरकले ते मोजा, सरासरी घ्या.

८ वरून १६ ला गेल्यावर अंतर सुमारे दुप्पट, ३२ ला सुमारे चौपट यायला हवे, कारण खोके घर्षणाविरुद्ध सरकते ते मिळालेल्या ऊर्जेच्या प्रमाणात. ८ आणि ३२ ची जोडी नीट पाहा. उंची चौपट झाली, पण पायथ्याशी वेग फक्त दुप्पट झाला. म्हणजे दुप्पट वेगाला चौपट ऊर्जा. गतिज ऊर्जेच्या ½mv² (v म्हणजे वेग) या सूत्रातला वर्ग तो हाच. नेदरलँड्समधल्या लायडनचे शास्त्रज्ञ ग्राव्हेसांडे यांनी १७२२ मध्ये पितळी गोळे मऊ मातीत टाकून हेच दाखवले होते, आणि फ्रेंच विदुषी एमिली द्यु शातले यांनी ते पुढे ठामपणे मांडले. ताशी ८० किलोमीटरच्या गाडीला थांबायला ब्रेक लागल्यापासून ४० च्या गाडीच्या चौपट रस्ता लागतो, तोही याच वर्गामुळे.

बहुतेक वह्यांत दिसणारी एक चूक: mgh = ½mv² मांडून ८ सेंटिमीटरसाठी वेग सेकंदाला १.२५ मीटर काढतात. मोबाइलवर संथ चित्रण करून मोजला तर तो १.०६ च्या आसपास किंवा थोडा कमी भरतो. सगळा दोष घर्षणाला देऊ नका. गोळी घसरत नाही, गडगडते; भरीव गोळीच्या गतिज ऊर्जेचा २/७ भाग तिच्या फिरण्यात असतो आणि पुढे जाण्याला ५/७ उरतो. हा हिस्साही प्रत्येक उंचीला तोच.

शेवटी आलेख: आडव्या अक्षावर उंची, उभ्यावर खोके सरकल्याचे अंतर. बिंदू एका सरळ रेषेत आले, पण रेषा शून्याऐवजी उंचीच्या अक्षाला एक-दीड सेंटिमीटरवर छेदते, असे होऊ शकते. ती ओढूनताणून शून्यातून नेऊ नका. गोळी खोक्यापर्यंत पोचताना पट्टीत खर्ची पडलेली ऊर्जा तिथे दिसते आहे. ती उंची आलेखावर लिहून ठेवा.