गाडी हवा धरत नाही: एअर सिस्टिमचं काम नव्यानं शिकणाऱ्यांसाठी

मुंबईत शूटिंगच्या जागी उभ्या असलेल्या मोठ्या व्हॅनिटी व्हॅन तुम्ही पाहिल्या असतील. आतून खोली, खालून सरळ बस किंवा ट्रकची चॅसी. परदेशातली मोठी मोटरहोमही अशीच बांधतात. ब्रेक हवेवर आणि कित्येक गाड्यांचं सस्पेन्शनही हवेच्या बलूनवर. मी बसगाड्या आणि या व्हॅनचं हवेचं काम करतो. आयटीआयमधून नुकती बाहेर पडलेली मुलं गॅरेजात आली की आधी इंजिनाकडे वळतात. हवेच्या लाइनीकडे सहसा कुणी फिरकत नाही. मला हे फार चुकीचं वाटतं. हे काम नीट येणारी माणसं कमी आहेत आणि गाडीतल्या प्रत्येकाचा जीव त्यावर असतो.

आधी स्वतःचा जीव. बलूनवर उभी असलेली गाडी एक पाइप सुटला तरी क्षणात खाली बसते. जॅक लावला म्हणजे झालं असं नाही, चॅसीखाली भक्कम स्टँड हवेतच. ते लागेपर्यंत डोकंसुद्धा आत घालायचं नाही. चाकांना पुढून-मागून ठोकळे लावायचे. आणि मागच्या चाकांवरचा स्प्रिंग ब्रेकचा डबा, ज्याला आपण बूस्टर म्हणतो, त्याचा स्प्रिंगकडचा भाग कधीही उघडायचा नाही. आतली स्प्रिंग प्रचंड दाबाखाली असते आणि झाकण सुटलं तर गोळीसारखी बाहेर येते. ब्रेक मोकळा करायचाच असेल तर रिलीज बोल्टनं स्प्रिंग आवळून घ्यायची. डबा खराब असेल तर पुरा बदलायचा. कुणी 'मी खोलून दाखवतो' म्हणाला तर तिथून लांब व्हा.

आता काम. गाडी आली की पाना हातात घेऊ नका. इंजिन चालवून हवेच्या टाक्या पूर्ण भरा. मॉडेलप्रमाणे साधारण ८ ते १० बारला ड्रायरमधून, म्हणजे हवेतला ओलावा काढणाऱ्या डब्यातून, 'फुस्स' आवाज येतो. ती गळती नव्हे, ड्रायर ओलावा बाहेर टाकतोय. मात्र आवाज थांबलाच नाही, तर ड्रायरचा पर्ज व्हॉल्व्ह किंवा आतला चेक व्हॉल्व्ह बघायचा. मग इंजिन बंद, हॅण्डब्रेक मोकळा, आणि घड्याळ लावून डॅशबोर्डवरच्या हवेच्या दाबाच्या दोन काट्यांकडे बघत बसायचं. अमेरिकेत अवजड वाहनाच्या परवान्यासाठी चालकाला ही चाचणी स्वतः करून दाखवावी लागते. एकट्या, म्हणजे मागे ट्रेलर नसलेल्या गाडीचा दाब ब्रेक न दाबता मिनिटाला २ पीएसआयपेक्षा आणि ब्रेक दाबून धरल्यावर ३ पीएसआयपेक्षा जास्त उतरता कामा नये. बारमध्ये हे साधारण ०.१४ आणि ०.२ होतात. मी हेच माप धरतो, कारण 'थोडी उतरते' या शब्दांवर कुणाचंच एकमत होत नाही.

ब्रेकची हवा दोन वेगळ्या सर्किटमधून जाते, प्रत्येकाचा एक काटा. दोन काट्यांपैकी एक कुठेतरी थांबला आणि दुसरा उतरतच राहिला, तर गळती त्या दुसऱ्या सर्किटमध्ये आहे. सर्किटं एकमेकांपासून वेगळी ठेवणाऱ्या प्रोटेक्शन व्हॉल्व्हनं बाकीच्यांची हवा राखून ठेवलेली असते. पाय ब्रेकवर ठेवला की मगच उतरते, तर फूट व्हॉल्व्हच्या, म्हणजे ब्रेक पेडलखालच्या व्हॉल्व्हच्या पुढे शोधायचं: होज, रिले व्हॉल्व्ह (पेडलच्या इशाऱ्यावर ब्रेकला टाकीतली हवा देणारा), बूस्टरचा डायफ्राम. एवढं समजलं की निम्मी गाडी तपासायची गरजच उरत नाही.

सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते पुढच्या दुखण्यात, म्हणून इथे सावकाश वाचा. मागच्या रिले व्हॉल्व्हच्या एक्झॉस्टमधून सतत हवा येते. हवा तिथून येते म्हणून मेकॅनिक रिले व्हॉल्व्ह बदलतो. नवा व्हॉल्व्ह बसतो, हवा येतच राहते. खरं असं असतं की हॅण्डब्रेक मोकळा असताना स्प्रिंगच्या खोलीत हवा भरलेली असते. त्या खोलीचं मधलं सील झिजलं की हवा पलीकडे साध्या ब्रेकच्या खोलीत जाते, तिथून होजमधून उलटी रिले व्हॉल्व्हपर्यंत येते आणि त्याच्या तोंडातून बाहेर पडते. म्हणून अशी गळती दिसली की आधी हॅण्डब्रेक लावून बघा. आवाज थांबला तर बूस्टरवर संशय घ्या. लावल्यावरही चालूच राहिला तर व्हॉल्व्हची सीट, म्हणजे बंद होताना तो टेकतो ती जागा. डावा की उजवा ते ठरवायला चाकांना ठोकळे पक्के करून हॅण्डब्रेक पुन्हा मोकळा करायचा आणि पायब्रेक न दाबता एकेका बूस्टरचा साध्या ब्रेकचा होज सोडून बघायचा. ज्या बूस्टरच्या तोंडातून हवा येते तो दोषी. हवा बाहेर पडते ती जागा आणि बिघाडाची जागा वेगळ्या असू शकतात, हे एकदा डोक्यात बसलं की तुमची किंमत गॅरेजात वाढते.

व्हॅनिटीत अजून एक गोष्ट असते. बॉडी बांधताना गाडीच्या फरशीखालून पाण्याच्या, विजेच्या आणि हवेच्या लाइनी एकत्र ओढलेल्या असतात. नायलॉनचा पाइप जनरेटरच्या सायलेन्सरजवळून गेला तर मऊ पडतो; फरशीचा स्क्रू त्यात घुसलेला सापडतो. दरवाजाला किंवा ड्रायव्हरच्या सीटला हवा द्यायची म्हणून कुणीतरी थेट ब्रेकच्या टाकीला टी मारलेली असते. असं दिसलं की मालकाला स्पष्ट सांगा आणि ती जोडणी प्रोटेक्शन व्हॉल्व्हच्या पुढच्या, जादा वापराच्या सर्किटवर हलवा. नाहीतर सीटचा पाइप फुटला की ब्रेकची हवा जाईल.

रात्रीत गाडी एका कोपऱ्याला बसत असेल तर त्या कोपऱ्याचा बलून आणि गाडीची उंची राखणारा त्याचा लेव्हलिंग व्हॉल्व्ह बघा. बलूनच्या घडीत धूळ-खडी अडकून भेगा पडतात. भांड्याच्या साबणाचं पाणी स्प्रे बाटलीतून मारायचं आणि घाई न करता बघायचं. बारीक गळतीचा फेस उशिरा येतो. नंतर साध्या पाण्यानं धुऊन टाका.

जोडणीत तीन सवयी लावून घ्या. नायलॉन पाइप कटरनंच सरळ कापा, पक्कडीनं नव्हे. जोडणीत किती आत जायला हवा तिथे खूण करून मग दाबा. टेफ्लॉन टेप या कामात वापरू नका, तिचा तुकडा व्हॉल्व्हच्या सीटवर जाऊन बसला की नवीन गळती तयार होते.

टाक्यांचे कॉक रोज सोडून बघायला चालकाला शिकवा. पाणी निघालं तर ड्रायरचं कार्ट्रिज संपलंय. तेल निघालं तर कॉम्प्रेसर तेल फेकतोय, आणि ते तेल पुढे प्रत्येक रबराला फुगवेल. पावसाळ्यानंतर आणि गाडी बरेच दिवस उभी राहिली असेल तर हे आवर्जून बघा.

शिकायला बस डेपोसारखी जागा नाही. एसटी महामंडळ आयटीआय झालेल्या मुलांना शिकाऊ म्हणून घेतं. दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथं त्यांच्या मध्यवर्ती कार्यशाळा आहेत. डेपोत एकाच मॉडेलच्या अनेक गाड्या समोर येतात, त्यामुळे चांगली गाडी कशी वाजते ते कानाला कळतं. सोबत एक वही ठेवा. गाडी, किती मिनिटांत किती उतरलं, काय सापडलं, दुरुस्तीनंतरचं माप, सगळं लिहा. गाडी सोडण्याआधी टाक्या भरून तीच चाचणी पुन्हा करा आणि दोन्ही मापं मालकाला कागदावर द्या.